माऊसविना संगणक : घरातील कागदपत्रांच्या फायली साठवणे व लावणे

शिष्यवृत्ती, वसतिगृह, जातीचा दाखला, जात वैधता, नोकरीचा अर्ज यांपैकी कोणतेही काम आज केवळ कागदावर पुरे होत नाही. मूळ कागद घरात असावा लागतोच, पण त्याची प्रत संगणकातही असावी लागते आणि मागितल्याबरोबर ती सापडावी लागते. परभणी, जिंतूर, गंगाखेड, पूर्णा, पाथरी अशा कोणत्याही गावी ऑनलाईन अर्ज भरून देणाऱ्या केंद्रापुढे अखेरच्या तारखेला जाऊन पाहावे. कागद मिळालाच नाही म्हणून अडलेली मुले तेथे असतातच. परंतु कागद आहे, त्याचा फोटोही काढलेला आहे, पण तो कोठे ठेवला ते आठवत नाही, म्हणून अडलेली मुलेही तेथे कमी नसतात. कोणाचा दाखला मोबाईलमधील हजारभर छायाचित्रांत दडलेला असतो, तर कोणाचा मागच्या वर्षी ज्या केंद्रात अर्ज भरला त्या केंद्राच्या संगणकात राहिलेला असतो.

या लेखात आम्ही दोन गोष्टी एकत्र सांगणार आहोत. फायली कशा साठवाव्यात व कशा लावाव्यात ही एक, आणि हे सर्व माऊसला हात न लावता केवळ कळफलकावरून कसे करावे ही दुसरी. दुसरी गोष्ट काही वाचकांस हौसेची वाटेल. ती तशी नाही. विहारांतील अभ्यासिकांना व लहान संस्थांना जे संगणक मिळतात ते बहुधा कोठल्या तरी कार्यालयातून निघालेले असतात, आणि त्यांचा माऊस बहुधा सर्वांत आधी बिघडतो. कळफलक मात्र वर्षानुवर्षे चालतो. दुसरे असे की, आपल्या समाजातील पुष्कळ मुलामुलींनी टंकलेखनाचे शिक्षण घेतलेले आहे. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची संगणक टंकलेखनाची परीक्षा, मिनिटाला ३० शब्दांची वा ४० शब्दांची, ज्याने दिली त्याची बोटे कळांवर बसलेलीच असतात. फाईल साठवण्यासाठी त्याने हात उचलून माऊस शोधत बसावे याचे काही कारण नाही.

तिसरे कारण आम्हास सर्वांत महत्त्वाचे वाटते. माऊसने फाईल ओढून नेताना बोट मध्येच सुटले, तर ती फाईल शेजारच्या भलत्याच फोल्डरमध्ये जाऊन पडते, आणि ओढणाऱ्यास ते कळतसुद्धा नाही. कधी सबंध फोल्डरच दुसऱ्या फोल्डरच्या पोटात जातो. मग 'संगणकाने फाईल खाल्ली' असे म्हटले जाते. कळफलकावरून काम करताना फाईल उचलणे ही एक कृती असते, तिला नेण्याची जागा उघडणे ही दुसरी आणि तेथे ठेवणे ही तिसरी. प्रत्येक पायरीला आपण काय करतो आहोत हे माहीत असावे लागते.

मुळात कळफलक आधी व माऊस नंतर, असाच क्रम आहे. अमेरिकेत डग्लस एंगेलबार्ट यांनी १९६८ साली माऊस जाहीरपणे चालवून दाखवला खरा, पण तो आपल्या टेबलावर येण्यास पुढे कित्येक वर्षे गेली. १९९० च्या सुमारास ज्यांनी संगणक शिकण्यास सुरुवात केली त्यांना डॉसचा काळा पडदा आठवत असेल. त्या पडद्यावर दाखविण्यासारखे काही नसेच, एम.डी. लिहून नवी डिरेक्टरी, सी.डी. लिहून तिच्यात प्रवेश, कॉपी लिहून प्रत आणि रेन लिहून नाव बदल. वर्डस्टार हा लेखनाचा प्रोग्रॅम १९७८ सालचा. त्यात कंट्रोल-के आणि मग एस दाबले की मजकूर साठवला जाई व काम चालू राही. एसऐवजी डी दाबले की साठवून फाईल बंद होई. डॉसमध्ये फाईलचे नाव आठ अक्षरांहून मोठे देता येत नसे. त्या आठ अक्षरांत काय बसवावे याचा विचार करावा लागे, आणि तो विचार उपयोगी पडे. १९९५ साली विंडोज ९५ आले, लांब नावे देण्याची सोय झाली, आणि लोकांनी नावे देणेच सोडले. आज कोणाच्याही संगणकात 'नवे फोल्डर', 'नवे फोल्डर दोन', 'अंतिम', 'अंतिम नवे', 'खरे अंतिम' अशी बारशी झालेली दिसतात. असो.

आता कृतीकडे वळू. खाली सांगितलेल्या कळा विंडोज ८ पासून पुढच्या सर्व आवृत्त्यांत चालतात. 'कंट्रोल-एस' असे लिहिले असेल तेथे कंट्रोल कळ दाबून धरावी, एस ही कळ एकदा टिचकावी आणि मग दोन्ही सोडाव्यात. खालच्या ओळीत खिडकीचे चिन्ह असलेली जी कळ असते तिला आम्ही विंडोज कळ म्हणू.

साठवण्याची मुख्य कळ कंट्रोल-एस. अर्ज, इतिवृत्त, निमंत्रण, काहीही लिहीत असताना प्रत्येक परिच्छेदानंतर ती दाबावी. आपल्याकडे मृगाच्या आगेमागे वादळवारा सुटला की वीज जातेच, आणि बॅटरीची जोड नसलेल्या संगणकातील न साठवलेला मजकूर त्या क्षणी गेलेला असतो. पूर्वी एकदा साठवलेली फाईल असेल तर कंट्रोल-एस निमूटपणे काम करते, काही विचारत नाही. नवी फाईल असेल तर मात्र संगणक दोन गोष्टी विचारतो : नाव काय आणि ठेवू कोठे. बहुतेक माणसे घाईत एंटर दाबून मोकळी होतात, आणि फाईल संगणकाच्या मर्जीने कोठेतरी जाते. वर्डच्या नव्या आवृत्त्यांत तर ती इंटरनेटवरील साठ्यात जाण्याचीही शक्यता असते. इंटरनेट नसलेल्या ठिकाणी ती मग उघडत नाही.

म्हणून नवी फाईल साठवताना वर्डमध्ये एफ-१२ दाबावी. नाव व जागा विचारणारी चौकट सरळ उघडते आणि नावाच्या जागी कर्सर तयार असतो. (लिबर ऑफिस वापरणाऱ्यांनी यासाठी कंट्रोल-शिफ्ट-एस दाबावे.) येथे एक युक्ती फार थोड्यांना ठाऊक असते. त्या नावाच्या जागीच पूर्ण पत्ता लिहिता येतो. डी हे अक्षर, विसर्गचिन्ह, उलटी तिरकी रेघ, फोल्डरचे नाव, पुन्हा उलटी तिरकी रेघ, आणि शेवटी फाईलचे नाव, असे लिहून एंटर दाबले की फाईल थेट त्या फोल्डरमध्ये जाते. मराठी कळरचना चालू असता ती उलटी रेघ उमटत नाही, तेव्हा विंडोज कळ व स्पेस बार दाबून आधी इंग्रजीवर यावे. पत्ता लिहिण्याचा कंटाळा असेल तर त्याच चौकटीत आल्ट-डी दाबून वरच्या पत्त्याच्या पट्टीत जाता येते, आणि आल्ट-एनने पुन्हा नावाकडे परतता येते. मन बदलले तर एस्केप. काहीही न बिघडता चौकट बंद होते.

लिहिलेल्या फाईलचे एवढे पुरे. घरातील जुन्या कागदांची गोष्ट याहून नाजूक आहे आणि तेथे आम्ही थोडे थांबणार आहोत.

आपल्या समाजाच्या कागदपत्रांना एक इतिहास आहे, जो इतरांच्या कागदांना नसतो. अनुसूचित जातींसंबंधीचा राष्ट्रपतींचा आदेश १० ऑगस्ट १९५० चा. जात पडताळणीत त्या तारखेपूर्वीचा, जात अथवा वास्तव्य दाखवणारा पुरावा विचारला जातो. त्यानंतर १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली आणि गावोगावी लोक बौद्ध झाले. महाराष्ट्र राज्याने नवबौद्धांना राज्यापुरत्या सवलती दिल्या, परंतु केंद्राच्या यादीत बौद्धांना अनुसूचित जातीचे स्थान मिळण्यास १९९० साल उजाडावे लागले. या साऱ्याची खूण शाळेच्या रजिस्टरांत उमटलेली आहे. आजोबांच्या प्रवेश-निर्गम उताऱ्यावर एक शब्द, वडिलांच्या दाखल्यावर दुसरा, मुलाच्या दाखल्यावर 'बौद्ध' किंवा 'नवबौद्ध'. एकटा कागद घेतला तर तो काहीच सिद्ध करीत नाही. आजोबा, वडील व मुलगा असे तिन्ही कागद एका माळेत दाखवावे लागतात, सोबत वंशावळीचे शपथपत्र लागते, आणि रक्ताच्या नात्यातील कोणाची वैधता आधी झाली असेल तर तीही जोडावी लागते. माळेतला एक मणी हरवला की पुन्हा गावची शाळा, पुन्हा तहसील, पुन्हा मजुरी बुडवून खेपा.

मराठवाड्यात आणखी दोन गाठी पडतात. आपला भाग सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या काळचे उतारे उर्दूत असतात व त्यांवर फसली सन असतो. फसली सनात ५९० मिळवले की साधारणपणे इसवी सन येतो. फसली १३५७ म्हणजे १९४७-४८. दुसरी गाठ जिल्ह्याची. १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, वसमत, सेनगाव, औंढा या तालुक्यांतील घरांत वडिलांच्या कागदावर 'जिल्हा परभणी' आणि मुलाच्या कागदावर 'जिल्हा हिंगोली' असते. गाव तेच, घर तेच. तेव्हा कागद जिल्ह्याच्या वा कार्यालयाच्या नावाने लावू नयेत, माणसाच्या नावाने लावावेत, असे आमचे मत आहे.

ते असे लावावेत. विंडोज कळ व ई दाबले की संगणकातील फायलींची खिडकी उघडते. बाणांच्या कळांनी डी ड्राइव्हवर जावे (नसल्यास 'डॉक्युमेंट्स'मध्ये) व एंटर दाबून आत शिरावे. तेथे कंट्रोल-शिफ्ट-एन दाबले की नवे फोल्डर तयार होते आणि त्याचे नाव लिहिण्यास संगणक थांबतो. लगेच नाव लिहावे, एंटर दाबावे. एंटरची घाई नावाआधी केली की 'नवे फोल्डर' जन्मास येते. घरातील प्रत्येक माणसाचे एक फोल्डर करावे, आणि एक सामाईक फोल्डर 'वंशावळ' या नावाचे. आजोबा-पणजोबांचे कागद या सामाईक फोल्डरमध्ये ठेवावेत, कारण ते साऱ्या भावंडांना आणि चुलत भावंडांनाही लागतात. एका चुलत्याच्या मुलाने मिळवलेला उर्दू उतारा दुसऱ्या चुलत्याच्या मुलीला ठाऊकच नसतो, असे कितीतरी घरांत होते.

मुलींविषयी विशेष सांगावयाचे. विवाहित स्त्रीची जात तिच्या वडिलांच्या कागदांवरून ठरते. तिचे फोल्डर लग्नानंतर माहेरच्या संगणकात राहून चालणार नाही. माहेरचा दाखला, वडिलांचा दाखला, विवाह नोंदणी आणि नावातील बदलाचे राजपत्र हे सारे एकत्र करून तिच्या हाती द्यावे. भांडी-कपडे देताना एक पेनड्राईव्ह देणे कोणाही बापास जड नाही.

आता फाईलच्या नावाचे. आम्ही वर्ष प्रथम, मग माणूस, मग कागद, असा क्रम सुचवतो. '१९४७ आजोबा प्रवेश निर्गम', '१९८६ वडील शाळा सोडल्याचा दाखला', '२०२२ स्वतः जातीचा दाखला' याप्रमाणे. संगणक नावांनुसार फायली लावतो, म्हणून वर्ष पुढे ठेवले की माळ आपोआप क्रमाने उभी राहते, आजोबा वर आणि नातू खाली. पडताळणी समितीलाही कागद याच क्रमाने समजून घ्यावे लागतात. फसली सनाचा कागद असेल तर नावात इसवी सन घालावा. एकाच वर्षाचे अनेक कागद, जसे की दर महिन्याची इतिवृत्ते असतील, तर वर्ष, महिना व दिवस या क्रमाने आकडे लिहावेत, आणि एक ते नऊ या आकड्यांआधी शून्य ठेवावे. आकडे मराठी घ्या वा इंग्रजी, पण घरात एकच पद्धत ठेवा. नावात तिरकी रेघ, विसर्गचिन्ह, प्रश्नचिन्ह, तारा व दुहेरी अवतरण चालत नाही. '१४/४/२०२४' असे नाव संगणक नाकारतो ते यामुळेच.

नावे मराठीत ठेवण्यास हरकत नाही; घरातील सर्वांना ती वाचता येतात. मात्र काही संकेतस्थळांवर मराठी नावाची फाईल चढत नाही. त्यासाठी 'अर्ज' नावाचे वेगळे फोल्डर करून त्यात इंग्रजी नावाची प्रत ठेवावी. मूळ फाईलला हात लावू नये.

नाव बदलण्याची कळ एफ-२ ही आमच्या मते सबंध कळफलकावरील सर्वांत उपकारक कळ आहे. मोबाईलने काढलेले वीस फोटो संगणकात घेतले की त्यांना लांबलचक आकड्यांची नावे असतात. आल्ट-पी दाबावे, म्हणजे बाजूस चित्र दिसू लागते व फोटो उघडून पाहावा लागत नाही. पहिल्या फोटोवर एफ-२ दाबून नाव लिहावे आणि मग एंटर न दाबता टॅब दाबावी. संगणक ते नाव पक्के करतो आणि पुढच्या फोटोचे नाव लिहिण्यास स्वतःच तयार होतो. पुन्हा नाव, पुन्हा टॅब. ज्यांची बोटे टंकलेखनाने तयार आहेत त्यांची वीस नावे हा हा म्हणता होतात. टॅबच्या ओघात चित्राकडे पाहण्याचे मात्र विसरू नये. शंका आली तर एस्केप दाबून थांबावे. जाताजाता सांगतो, फोटो व्हॉट्सॲपवरून मागवायचा असेल तर तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावयास सांगावे. साध्या फोटोसारखा पाठवला तर तो बारीक होऊन येतो व शिक्क्यावरील अक्षरे वाचता येत नाहीत.

कागद क्रमाने व नावाने लावून ठेवण्याचे महत्त्व जाणण्यास दूर जावे लागत नाही. बाबासाहेबांचे अप्रकाशित लेखन त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर कित्येक वर्षे पेट्यांत पडून होते. महाराष्ट्र शासनाने त्यांच्या लेखन व भाषणांचा पहिला खंड १९७९ साली काढला, आणि वसंत मून यांच्या संपादनाखाली हे काम पुढे अनेक वर्षे चालले. १९८७ साली निघालेल्या तिसऱ्या खंडातील हस्तलिखितांत काही प्रकरणे सुटी होती, काही अपुरी होती, आणि कोणते पान कोठले हे संपादकांना मोठ्या कष्टाने ठरवावे लागले. ते लेखन एका महापुरुषाचे होते, त्यामुळे त्यासाठी संपादक मंडळ बसले. आपल्या आजोबांच्या उताऱ्यासाठी कोणी मंडळ बसणार नाही.

प्रत करणे व हलवणे हे बहुतेकांस ठाऊक असते, म्हणून थोडक्यात सांगतो. कळफलकाच्या सर्वांत खालच्या अक्षरओळीत झेड, एक्स, सी, व्ही या कळा शेजारीशेजारी आहेत. कंट्रोल धरून सी म्हणजे प्रत उचला, एक्स म्हणजे मूळच उचला, व्ही म्हणजे येथे ठेवा, आणि झेड म्हणजे आत्ता केले ते मागे घ्या. फाईल भलत्या जागी ठेवली गेली तरी लगेच कंट्रोल-झेड दाबले की ती परत येते. सलग अनेक फायली निवडायच्या तर शिफ्ट धरून खालचा बाण. सुट्या सुट्या निवडायच्या तर कंट्रोल धरून बाणाने फिरावे व हव्या त्या फाईलवर स्पेस बार दाबावा. सर्व हव्यात तर कंट्रोल-ए. आल्ट व वरचा बाण दाबला की बाहेरच्या फोल्डरमध्ये येतो. उजव्या बटणाने उघडणारी यादी हवी असेल तर शिफ्ट-एफ-१०.

शोधण्याचे दोन मार्ग आहेत. फोल्डर उघडून नुसती पहिली दोन-तीन अक्षरे किंवा आकडे भराभर टाईप केले की संगणक त्या नावाच्या फाईलवर उडी घेतो. वर्ष पुढे ठेवण्याचा हा दुसरा लाभ. नाव नीटसे आठवत नसेल तर कंट्रोल-एफ दाबून आठवणारा एखादा शब्द लिहावा. अर्थात 'दाखला' हा शब्द नावात असेल तरच तो सापडणार. अर्ज भरताना फाईल अमुक के.बी.पेक्षा मोठी नको असे सांगितलेले असते. फाईलवर आल्ट-एंटर दाबले की तिचे आकारमान दिसते, आणि रांगेत उभे राहण्यापूर्वी घरीच ते पाहून घेता येते.

खोडण्याविषयी मात्र जपून राहावे. डिलीट दाबले की फाईल कचरापेटीत जाते व तेथून परत काढता येते. शिफ्ट-डिलीट दाबले की ती कचरापेटीत न जाता जाते, आणि सहजासहजी परत मिळत नाही. पेनड्राईव्हवरील फाईल साध्या डिलीटनेही कचरापेटीत जात नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

याच शिफ्ट-डिलीटचा एक चांगला उपयोग आहे. बाहेरच्या केंद्रात अर्ज भरला की आपला आधार, बँक पासबुक, दाखले हे सर्व त्या संगणकाच्या 'डाऊनलोड'मध्ये व पडद्यावर पसरलेले राहते. दुसऱ्या दिवशी तेथे बसणारा कोण असेल, सांगता येत नाही. काम झाल्यावर केंद्रचालकास नम्रपणे विचारून आपल्या फायली आधी आपल्या पेनड्राईव्हवर प्रत करून घ्याव्यात, एकदोन उघडून पाहाव्यात, आणि मगच तेथील प्रती शिफ्ट-डिलीटने काढाव्यात. कंट्रोल-एक्सने सरळ उचलून नेण्याचा मोह टाळावा. मध्येच वीज गेली किंवा पेनड्राईव्ह हलला तर ना इकडची ना तिकडची अशी गत होते.

ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही अशा आपल्या बंधुभगिनींसाठी तर कळफलक हाच एकमेव मार्ग आहे. एन.व्ही.डी.ए. नावाचा प्रोग्रॅम पडद्यावरील अक्षरे मोठ्याने वाचून दाखवतो. मायकेल करन या दृष्टिहीन तरुणाने ऑस्ट्रेलियात २००६ साली तो सुरू केला. तो विनामूल्य मिळतो व मराठीही वाचतो. वर सांगितलेल्या बहुतेक सर्व कळा त्यात तशाच चालतात. बाणाने फाईलवर गेले की तिचे नाव ऐकू येते. त्या नावाच्या जागी आकड्यांची लांबलचक ओळ ऐकू आली तर ऐकणाऱ्याला त्यातून काय कळणार? एक हात अधू असणाऱ्यांनी शिफ्ट कळ लागोपाठ पाच वेळा दाबावी. संगणक विचारील त्यास होकार द्यावा. मग कंट्रोल व एस एकदम न दाबता एकामागून एक दाबल्या तरी चालतात.

संस्थांच्या कार्यवाहांसाठी दोन शब्द. विहाराची इतिवृत्ते, वर्गणीचे हिशेब, सभासदांची यादी ही एका माणसाच्या लॅपटॉपवर असणे धोक्याचे आहे. विश्वस्तांत बदल झाला तर धर्मादाय कार्यालयात ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो, आणि त्याला जुने ठराव जोडावे लागतात. कार्यवाह बदलला, लॅपटॉप त्याच्या घरी गेला, ठराव गेले. येथेही वर्षाचे फोल्डर आणि तारखेने सुरू होणारे नाव एवढे केले तरी नव्या माणसाला सर्व सापडते. १९९० च्या दशकातील याद्या श्रीलिपी वा आकृतीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असतील, तर आज त्या उघडल्यावर निरर्थक अक्षरे दिसतात. ज्या संगणकावर त्या नीट दिसतात तो चालू आहे तोवर त्यांची पी.डी.एफ. करून घ्यावी, आणि नवे लेखन युनिकोडमध्येच करावे.

शेवटी प्रतींचे. प्रत्येक घराच्या फोल्डरच्या दोन प्रती असाव्यात, आणि त्या दोन वेगळ्या छपरांखाली असाव्यात. पेनड्राईव्ह अचानक बंद पडतो, आणि पुराच्या वा गळतीच्या पाण्यात संगणक व पेटी एकदमच भिजतात. गोदावरीकाठच्या आणि पूर्णेकाठच्या गावांना हे सांगायला नको. २०१५ साली सुरू झालेल्या शासनाच्या डिजिलॉकरमध्येही दाखले ठेवता येतात, पण त्याला मोबाईल क्रमांक तोच राहावा लागतो. रिचार्ज बंद पडून क्रमांक बदलणाऱ्या घरांनी त्यावर एकट्यावर विसंबू नये. पेनड्राईव्ह काढण्यापूर्वी फायलींच्या खिडकीत त्याच्या नावावर बाणाने जावे, शिफ्ट-एफ-१० दाबावे, यादीतील 'इजेक्ट' निवडून एंटर दाबावे आणि मगच तो ओढावा. त्यावर पांढरी चिकटपट्टी लावून घराण्याचे नाव व कोणत्या वर्षापर्यंतचे कागद आत आहेत ते शाईने लिहावे. एक पेनड्राईव्ह मूळ कागदांच्या पेटीत ठेवावा. दुसरा चुलत्याच्या किंवा बहिणीच्या घरी द्यावा, आणि दरवर्षी बारावीचा निकाल लागण्याआधी दोन्ही एकदा संगणकाला लावून उघडतात की नाही ते पाहावे.